होडी किती कलली

प्रिय चिमणे,

परवा फोनवर मी "नाही" म्हणाले, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. वाद घातला असतास तर मला सोपं गेलं असतं. दुधावरच्या सायीवरूनसुद्धा माझ्याशी हुज्जत घालणारी तू. वर्षभर नवऱ्याबरोबर शिडाच्या होडीतून समुद्रावर जायचं की नाही, एवढ्या मोठ्या गोष्टीवर फक्त "बरं"? "आई, तू मोजून बघ, तू नको म्हणालीस तर होडी विकून टाकू," असा शब्द तू दिला होतास आणि तो पाळायला निघालीससुद्धा; रविवारी होडी न्यायला गिऱ्हाईक येणार म्हणे. तेव्हा आता काय झालं ते पहिल्यापासून सांगते. सगळं वाचायचं, शेवटच्या ओळीवर उडी मारायची नाही.

तुम्ही पाठवलेले होडीचे आकडे घेऊन मी बसले, तेव्हा तुझे बाबा म्हणाले, "पेपर तपासतेयस की होडी?" मी दोन्ही एकाच पेन्सिलीने तपासते. शिडांचा आकार वजनाच्या मानाने बेताचा निघाला; म्हणजे वारा पडला तरी ती रखडणार नाही आणि चढला तरी उधळणार नाही. वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो, तेव्हा ती कितीही पिटाळली तरी सायकलीपेक्षा जोरात जायची नाही. ते मला पसंत पडलं. एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग म्हणजे तळाशी बसवलेलं शिसं, तेही ठीक. होडी उलटेल का याचा म्हणून एक आकडा असतो, रुंदी आणि वजन यांवरून काढतात. तो चांगला आला म्हणून जावईबापू खूश होते. पण त्या आकड्यात शिसं तळाशी आहे की डोलकाठीच्या टोकाला टांगलंय, याचा हिशेबच नसतो. आणि तुम्ही तर नवी जड डोलकाठी बसवलीत, वर सौर पाट्या चढवल्यात. वजन वर गेलं की होडी सावरायला आळशी होते. छापील कागद जुन्या होडीचा, जाणार तुम्ही नव्या होडीतून.

तुला आठवतं, पोहायच्या तलावावर तू पहिल्यांदा उंच फळीवरून उडी मारलीस? सगळ्या आया वर बघत होत्या आणि मी भिंतीवर रंगवलेली पाण्याची खोली वाचत होते. तू घरी येऊन तक्रार केलीस, "आईने उडी बघितलीच नाही." नव्हती बघितली. खोली पुरेशी आहे हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी बाकावर बसून डोळे मिटून घेतले होते.

तर होडी प्रत्यक्षच कलवून बघायची असं मी ठरवलं. रीत सोपी आहे. वारा नसलेली सकाळ, बांधलेले दोर सैल, पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी डचमळतं. होडीच्या आतल्या खोलीच्या छताला गवंड्याचा ओळंबा टांगायचा आणि तो हलू नये म्हणून त्याचं वजन बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. वर माणसांनी आधी मधोमध आणि मग एका काठाला उभं राहायचं. ओळंब्याची दोरी पट्टीवर किती सरकली ते मी खाली मधोमध बसून मोजायचं. माणसं होती तुझे बाबा, आत्या, आतोबा आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. प्रत्येकाला वजन विचारलं, लिहून घेतलं. इथेच चुकले. शाळेत कधी कुणाच्या तोंडी उत्तरावर गुण दिले नाहीत, आणि इथे दिले.

गणित केलं, तर होडी बनवणाऱ्याने खोल समुद्रासाठी जी किमान स्थिरता सांगितली आहे, तिच्या खाली उत्तर आलं. थोडंच, पण खाली. मी दोनदा केलं. मग तुला फोन केला. खरं सांगू, "नाही" म्हणताना मला जड गेलं नाही. जड गेलं ते तुझं "बरं" ऐकताना.

काल होडी झाकायला पुन्हा सगळे गेलो. परत येताना वारा चढला होता, म्हणून छोट्या नावेत बसण्याआधी मी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालायला लावलं. जाकिटांवर कुठलं किती किलोच्या माणसाला ते छापलेलं असतं. आत्याने सांगितलेल्या वजनाप्रमाणे तिला दिलं, तर बक्कल काही केल्या लागेना. आतोबा ओढतायत, आत्या श्वास रोखून उभी, बाबा म्हणतायत, "अगं, बंदर गाजवशील!" आणि मग बघते तर बाबांचाही पट्टा हातभर लांब सोडलेला. मी म्हटलं, सगळे चला माझ्याबरोबर. बंदरावर मासळी तोलायचा मोठा काटा आहे, तिथे नेलं. आत्या म्हणाली, "वहिनी, चारचौघांत?" मी म्हटलं, चारचौघांतच. बाबांनी बूट काढले, चष्मा काढला, आणि आकडा बघून म्हणाले, "काटा लग्नानंतरचा दिसतोय." आत्या तर काट्याकडे पाठ करून उभी राहिली. डॉक्टरांनी आपलं वजन कॉलेजातलं सांगितलं होतं. आतोबांनी बायकोपेक्षा जास्त भरायला नको म्हणून कमी सांगितलेलं! एकाही माणसाने खरं सांगितलं नव्हतं.

आता नीट लक्ष दे. माझ्या कागदावर होडी हलक्या माणसांनी तेवढी कलली होती, म्हणून ती दुबळी ठरली. प्रत्यक्षात बरीच जास्त वजनदार माणसं काठाला उभी राहिली, तरी ती तेवढीच कलली. म्हणजे ती मी समजले त्यापेक्षा चांगलीच भक्कम आहे. काट्यावरची वजनं घालून गणित पुन्हा केलं. उत्तर किमान आकड्याच्या वर आलं, आणि काठावर पास झाल्यासारखं नव्हे. तिथल्याच खोक्यावर बसून मी इतकी हसले की आत्याला वाटलं, मी तिच्या वजनालाच हसतेय. अजून बोलत नाही माझ्याशी.

आकडा कळवायला एक फोन पुरला असता. पत्र लिहिलं ते फोनवर मला न सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी. काल त्या बक्कलाकडे बघताना मला सगळं उमगलं होतं, माझ्याशिवाय कुणालाच नाही. मी गप्प बसले असते, तर रविवारी गिऱ्हाईक होडी घेऊन गेलं असतं, तू जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर राहिली असतीस आणि दोष आकड्यांवर गेला असता. काट्यापर्यंत चालताना हे सारं माझ्या मनात होतं. आता आडोसा घ्यायला आकडा उरलेला नाही. भीती वाटते ती मला वाटते, आणि ती माझी मी बघून घेईन. गिऱ्हाइकाला आजच नको म्हणून कळव. तुम्ही जा.

निरोप द्यायला धक्क्यावर येणारी, तुझीच,
आई