हंगेरीवर मीच बोलणार

१८ एप्रिल २००४, रवि.
बिशानला सुहासरावांच्या कॉन्डोत इथल्या मराठी अभ्यासमंडळाची बैठक. जयंतीचं भाषण माझंच, सलग तिसऱ्या वर्षी. टाळ्या भरपूर. चहाच्या वेळी म्हटलं, मेचं व्याख्यानही मी देते, हंगेरीचा इतिहास-भूगोल. सुहासराव हसले. "बघू, बघू."

२० एप्रिल
सुहासरावांचा फोन. "ताई, चळवळीबद्दल तुमच्या तोंडून ऐकायला लोकांना आवडतं. हंगेरी कशाला? गेलायत का कधी?" म्हटलं, मार्चमध्ये शनीच्या कड्यांवर झालं, ते वक्ते जाऊन आले होते का? शेवटी, "बरं, मे तुमचा."
जयंतीला बोलते ते मनापासून. जन्मभर बोलीन. पण आम्हा बौद्धांना एप्रिलपुरतंच तोंड असतं असं यांना वाटतं, त्याचा राग येतो. शाळेत नकाशा भरण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

३ मे, सोम.
ऑफिस, आंग मो किओ. परवा हंगेरी युरोपियन युनियनमध्ये गेली. शेजारच्या टेबलवरची झोफी बुडापेस्टची. त्यांच्याकडचा गोड रोल करून आणला. खसखस इथे मिळत नाही म्हणून अक्रोडाचा. १९५६ च्या उठावाचं सांगत होती. तिचे वडील तेव्हा विद्यार्थी. झेंड्याच्या मधलं सरकारी चिन्ह लोकांनी कापून काढलं, भोकाचा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरले. दोन आठवड्यांच्या आत रणगाड्यांनी चिरडलं. वडील आजही म्हणतात, पुन्हा कापेन.
हे सांगायचंच.

१५ मे, शनि.
चार कार्डपेपर जोडून नकाशा. डॅन्यूब बुडापेस्टच्या अलीकडे काटकोनात दक्षिणेला वळते. पुढे सपाट मैदान. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात दोन-तृतीयांश मुलूख गेला, समुद्रसुद्धा. मैत्री (लेक, ११) रंग भरतेय. "आई, why Hungary? So far lah." मला आवडते म्हणून. आणखी कारण लागतं का?

२४ मे, सोम.
मंडळाची ईमेल. "मेच्या वक्त्या उपलब्ध नसल्याने" रविवारी चारला कोकणातल्या माशांचा स्लाइड शो. मी उपलब्ध नाही म्हणे. सुहासरावांना फोन केला. "गैरसमज नको, ताई. दोघातिघांनी विचारलं, हंगेरीला कोण येणार? जूनमध्ये तुमच्या समाजावर घेऊ की." ठेवला फोन.
ह्यांचा जहाजावरून फोन. "सोडून दे, पुढच्या वेळी बघ." नाही सोडत. मंडळातल्या सगळ्यांना SMS: रविवार, ४ वा., आमचा फ्लॅट, बुकित पंजांग. विषय हंगेरी. चहा, कांदाभजी.

३० मे, रवि., दुपारी ३.४०
नक्की येतो म्हणणारे तीन. "जमल्यास" म्हणणारे पाच. झोफी तीनलाच आली, पुढच्या खुर्चीत बसलीय. तिला मराठी येत नाही, मैत्री शेजारी बसून सांगेल. मी मराठीतच बोलणार.
आत्ता सुहासरावांचा SMS. "मासे पुढे ढकलतो, आम्ही सगळे तुमच्याकडे येतो. फक्त शेवटची दहा मिनिटं चळवळीवर बोला, म्हणजे लोकांना बरं वाटेल."
लिहिलं: "या. खुर्च्या आहेत. पूर्ण तास हंगेरी."
फोन बाजूला ठेवला. भज्यांचं पीठ सगळ्यांपुरतं भिजवलंय. चारला सुरू करतेय.