सात मुलींचं यंत्र

मिस, आज नातीने तिच्या कॉलेजच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. पितळी चाकांचा उभा सांगाडा. मी लगेच ओळखलं. तुला कसं माहीत, म्हणाली. मी त्या यंत्रात उभी राहिले होते असं सांगितल्यावर ती हसली. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही गुलमंडीच्या बाजारातून चालत यायचात, डोक्यावर ओढणी, बोटांना कालचा खडू. मोठं गणित घेतलेल्या आम्ही सातच मुली. सात जणींसाठी वेगळी शिक्षिका कशाला, पुढच्या वर्षापासून सगळ्यांनीच सोपं गणित आणि शिवणकाम घ्यावं, असं आमच्या मुख्याध्यापिका मदर म्हणाल्या होत्या. वर्ग गेला की तुमची नोकरीही जाणार, हे तुम्ही बोलला नाहीत, पण आम्हाला ठाऊक होतं. निर्णयाआधी तुम्ही मदरचा जेवणाच्या सुट्टीआधीचा एक तास मागून घेतलात, आणि आम्हाला त्या चित्रातलं यंत्र योजणाऱ्या विलायती माणसाची गोष्ट सांगितलीत. त्याला आपोआप बेरीज करणारं यंत्र बनवायचं होतं. अडचण हातच्याची होती. नवाचं शून्य झालं की पुढच्या चाकाला कळणार कसं? आणि सगळीच चाकं नवावर असली तर? त्याचं आयुष्य सरलं, यंत्र पुरं झालं नाही. "अपन बनाएंगे," तुम्ही म्हणालात.

गळ्यात अंकांचे पुठ्ठे, नजर समोर, तोंड बंद. खांद्यावर थाप आली की एक पुठ्ठा उलटायचा, आपल्या नवाचं शून्य झालं तर शेजारणीला थाप द्यायची. तालमीत आमची पहिल्या नंबरची मुलगी उत्तर ओळखून आधीच पुठ्ठा उलटायची, मग थाप आली की पुन्हा उलटायची, आणि बेरीज बिघडायची. तुम्ही रागावला नाहीत. "मशीन को अकल नको बेटा, सबर होना."

मदर आल्या तेव्हा तुम्ही सहा जणींना नवावर उभं केलंत. टोकाला मी, शून्यावर. माझ्या शेजारी देवगाव रंगारी गावची, होस्टेलवर राहणारी. ती ओठ न हलवता पुटपुटली, "मिस, लई नऊ झाले. येखादा आठ घ्या की." तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत.

एक मिळवा, मदर म्हणतात. तुम्ही पलीकडच्या टोकाला पहिली थाप देऊन मदरच्या मागे जाता. पुठ्ठे एकामागून एक उलटत येतात, मला फक्त आवाज ऐकू येतोय. शेजारणीचाही उलटतो. ती हात उचलते, आणि चॅपलची बाराची घंटा होते.

त्या घंटेला आपल्या शाळेत जी जिथे असेल तिथेच थबकायची, हात जोडून, डोळे मिटून. धर्म कुठलाही असो. शेजारणीचा उचललेला हात माझ्या खांद्यावर न येता तिच्या छातीशी गेला. सात पुठ्ठ्यांवर सात शून्यं. सवयीची ती प्रार्थना त्या दिवशी संपता संपेना. उत्तर मला माहीत होतं. मी हलले नाही.

आमेन झालं. मदरनी डोळे उघडले, शून्यं पाहिली. "सगळंच गेलं की," म्हणत त्या तुमच्याकडे वळल्या, आणि माझ्या खांद्यावर थाप पडली. मी एक दाखवला. मदर परत फिरल्या, बोटाने शून्यं मोजली.

"मध्ये प्रार्थना आली तरी विसरलं नाही," त्या म्हणाल्या.

वर्ग राहिला, तुम्हीही राहिलात. शेजारीण नंतर म्हणाली, थाप इसरले असते तर मिसनं मला हर्सूलच्या जेलात धाडलं असतं. तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसावे लागले.

पुढे मी नोकरीभर कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीन अडकली की बाकीचे वैतागायचे. मी खांदा सैल सोडून वाट बघायचे.

हे पत्र पाठवायचं कुठे? नातीच्या पुस्तकात, त्या चित्राच्या पानात ठेवते. तिला मी सांगितलं, नियम होता म्हणून मी थांबले. ते खरं नाही, मिस. माझे डोळे उघडे होते, आणि जोडलेल्या हातांतलं एक बोट पुठ्ठ्याखाली गेलं होतं. मदरच्या मागे तुम्ही उभ्या होतात, ओढणीचं टोक मुठीत आवळून. तुमचेही डोळे उघडेच होते. तुमची मान जेमतेम हलली, नको म्हणून. तेवढ्यावर थांबले.