भूतृणाची कुंडी आणि इतर स्थावर-जंगम

मी, खाली सही करणारा संस्कृतचा मास्तर, पूर्ण शुद्धीवर असून (बायकोचे मत वेगळे आहे) सर्वप्रथम नोंदवतो की गच्चीतल्या झारीची जाळी कोणीतरी हरवली आहे. जाळीवाचून कोवळ्या कोथिंबिरीवर पाणी ओतणे हा निव्वळ अत्याचार होय. उद्या माझे पित्ताशयाचे ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, "किरकोळ आहे हो, मास्तर." म्हणून मृत्युपत्रही आटोपशीर करतो.

घर आणि बँकेतले सारे बायकोचे. यावर चर्चा नाही.

मरवा धाकट्या बहिणीला. "दादा, एकच काडी नेते हं," म्हणत तिने झुडूप केव्हाच नेले आहे. आता मुळेही न्यावीत.

पुदिना शेजारच्या वकीलसाहेबांना. माझ्या कुंड्या त्यांच्या भिंतीला टेकतात म्हणून त्यांनी मला नोटीस धाडली होती. पुदिना त्यांनी जरूर जमिनीत लावावा. अतिक्रमण काय असते ते कळेल.

भूतृणाची, म्हणजे गवती चहाची, कुंडी मेहुण्यांना. कुंड्यांवर संस्कृत नावे लिहिण्याची माझी खोड. आम्ही परगावी असताना त्यांनी सगळ्यांना पाणी घातले, हिला सोडून.

"भाऊजी, भूत आणि वर ऋण! मी नाही हात लावणार."

भू म्हणजे जमीन, तृण म्हणजे गवत. भूत आणि ऋण यांचा संधी 'भूतर्ण' होतो, हे त्यांना समजावले तेव्हा गवताचा पाचोळा झाला होता. पुढे ते मुळातून पुन्हा उठले. तेव्हा मेहुण्यांचेही अगदीच चुकले नव्हते.

उरलेल्या कुंड्या बायकोच्या. मागच्या तापापासून तिला वास येईनासा झाला. रोज सकाळी मी मुठीत पान चुरगळून तिच्या नाकाशी धरतो.

"ओळख."

"साबण."

"अगं, ओव्याचे पान!"

"मग ओव्याचा साबण."

हल्ली मात्र ती अचूक ओळखते. परवा ओवा ओळखला तेव्हा मी गच्चीत नाचलो; वकीलसाहेब साक्षीला आहेत.

साक्षीदार: १) वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई २) कोपऱ्यावरचे चष्मेवाले
ठिकाण: गच्ची
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस
सही: मास्तर

सहीखाली जागा उरली म्हणून लिहितो. ओळखताना ती मुठीकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. वास खरेच परतला आहे की ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखते, हे विचारायचा मला धीर होत नाही. चेहऱ्यावरून ओळखत असेल, तर माझ्यामागे या कुंड्या तिच्या काय उपयोगाच्या?