कोरड्या गल्लीतली होडी

सोमवार, ४
पोचलो एकदाचा. नकाशा दुरुस्त करायला महिनाभर इथं पाठवलंय. सोबत साठ वर्षांपूर्वीचा नकाशा आहे: टेकड्यांच्या तपकिरी रेघा, घरांचे काळे चौकोन, गावामधून निळी नदी. नदी पूर्वेला सरकून चाळीस वर्षं झाली. जुन्या पात्रात आता ऐसपैस गल्ली आहे आणि तिच्यात एकच घर, तेही रिकामं. मी लगेच घेतलं. शनिवारी बायको आणि छकुली येतील. छकुलीला खेळायला अंगणच अंगण.

मंगळवार, ५
इथले लोक म्हणजे अकलेचे कांदे. गल्लीत होडी आडवी ठेवलीय, कोरड्या मातीत. पलीकडे जायचं तर एका टोकानं चढायचं, दुसऱ्या टोकानं उतरायचं. शाळेचे मास्तरसुद्धा चपला हातात घेऊन चढतात, म्हणजे शिक्षणाचाही आनंदच. होडीवाला म्हणाला, साहेब, होडी आहे तोवर ठीक, पण त्या घरात राहू नका. मी त्याच्या नाकासमोरून बूट आपटत चारदा गल्ली ओलांडली.

बुधवार, ६
होडी मोजणीच्या आड येत होती. चार गडी लावून नव्या नदीकडे ओढत नेली. होडीवाला तिच्यामागून गेला. बाकीची मंडळी दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती, जणू मी कुणाचं घरच पाडलं. त्यानंतर गल्लीत चिटपाखरू फिरकलं नाही. बरंच झालं.

गुरुवार, ७
मोजे ओलेचिंब. जमीन कोरडी, भिंती कोरड्या. मास्तर पलीकडून ओरडत होते. तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही. भित्रा लेकाचा, दोन पावलं पुढं येईना.

शुक्रवार, ८
हातातून पेन्सिल सुटली. खाली पडली नाही. वर गेली, छताला लागून थांबली.
बायकोला फोन लावला. येऊ नका म्हणालो. तिला नुसती गुडगुड ऐकू गेली असणार —

शनिवार, ९
आल्या. थांबवायला धावलो, पाय उचलेनात. बायकोला मास्तरांनी काठावर धरून ठेवलं. छकुली मला बघून माझ्याकडे पळत सुटली —
आता समोर खुर्चीत बसलीय. केस वर उठलेत, सावकाश डुलताहेत. काहीतरी सांगतेय. तोंडातून बुडबुडे —
दार ढकलवत नाही. मीच मूर्ख. होडीवाल्याला हाका मारतोय, आवाजच —
नकाशात घराच्या जागी नदीच्या खोलीचा आकडा आहे. दोन पुरुष खोल.
तिला खांद्यावर घेतलं होतं. सुटली. छताशी गेलीय, हसत नाही आता. माझा हात तिच्यापर्यंत पुर—