अर्धी गाठ

४ जानेवारी

नव्या वर्षाचे संकल्प: कामावर वेळेवर जायचं. चिडायचं नाही. बायकोशी वाद घालायचा नाही. पहिला माझ्याकडून मोडला, उरलेले दोन तिच्यामुळे.

काम तेच. आमच्या खात्यातल्या प्रत्येक मांत्रिकाला एक गल्ली. रोज सकाळी दारोदार जाऊन कडीला मंतरलेल्या दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे पलीकडचे आत येत नाहीत. पलीकडचे कुणी पाहिलेले नाहीत. माणसातला जीव हळूहळू पिऊन टाकतात म्हणे. माझा खात्याने आधीच प्यायलाय. कंबर दुखते.

७ जानेवारी

उजवा खांदा धरलाय, म्हणून दोरा डाव्या हातात घेतला, तर गाठी झरझर पडल्या. सराव नाही, काही नाही. हुशारी जात्याच असणार, इतकी वर्षं दबून राहिली.

नियम आहे की गाठ उजव्याच हाताने मारायची. डाव्या हाताची उलटी पडते आणि दार बंद व्हायच्या ऐवजी पलीकडच्यांना मोकळं होतं. नियम करणाऱ्यांचे खांदे दुखत नसावेत.

मेव्हण्याने पाहिलं. बायकोचा धाकटा भाऊ, शेजारची गल्ली त्याच्याकडे. असं करू नका म्हणाला. जळतो.

१५ जानेवारी

गल्ली सुधारली. बेकरीवाला सकाळपासून कटकट करायचा, तो आता काउंटरवर डोकं टेकून बसतो. शिंपीणबाईंचं मशीन बंद. विचारलं, तर कंटाळा आला म्हणाल्या. सगळे माझं ऐकतात. बाजूला व्हा म्हटलं की होतात. उशिरा का होईना, माणसाला मान मिळतोच.

आपल्या दाराची गाठही डाव्या हाताने मारू म्हटलं, तर बायको दार अडवून उभी राहिली. चहा थंड होईपर्यंत वाद. शेवटी मी जिंकलो. म्हणजे ती आंघोळीला गेली तेव्हा मारली.

२२ जानेवारी

साहेबांनी परिपत्रक वाचून दाखवलं. पलीकडच्यांनी आमच्यापैकी कुणाच्या तरी हाताचा ताबा घेतलाय. ज्याचा घेतलाय त्याला पत्ता नसतो, उलट सगळं आपणच ठरवतोय असं त्याला वाटतं. अंगावर काटा आला. कोण असेल बिचारा?

शोधसमिती नेमायची ठरली. अध्यक्ष कोण होणार विचारलं, तेव्हा माझा हात आपसूक वर गेला. डावा.

२५ जानेवारी

परीक्षा घेतली. पद्धत जुनी आहे: अर्धी गाठ मारायची आणि तशीच सोडून द्यायची. ताबा असलेल्याला सोडता येत नाही. सगळ्यांनी सोडली. मेव्हण्याने तर चटकन सोडली आणि चहाला गेला. इतक्या सहज काम अर्धवट टाकणारा माणूस मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. त्याला काढावं अशी शिफारस केली. साहेबांच्या केबिनची गाठ हल्ली मीच मारतो. ते बरं म्हणाले आणि डोळे मिटले.

अध्यक्षाची परीक्षा राहिली. वेळ नव्हता.

घरी जाताना उत्तरं पाठ केली. भावाला काढलं म्हणजे ती घर डोक्यावर घेणार. सांगितलं. ती खिडकीशी बसली होती.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

पाठ केलेली उत्तरं वाया गेली. जेवण जाईना.

३१ जानेवारी

संकल्प पुरा झाला. वाद नाही. आज मुद्दाम चिखलाचे बूट घालून आतपर्यंत गेलो, ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिने पाहिलं आणि मान फिरवली. मीच बूट काढले, मीच फरशी पुसली.

मला ती हवी आहे. माझ्यावर ओरडणारी. ती समोरच असते आणि तिची आठवण येते. तिला दाखवलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थकवा आहे. त्या स्वतः जांभया देत होत्या.

५ फेब्रुवारी

मेव्हणा आला. नोकरी परत मागेल वाटलं. बहिणीला दोनदा हाक मारली, मग तिच्यासमोर खाली बसला.

"दाजी, नोकरी गेली खड्ड्यात. या दारावर फक्त एक गाठ अर्धी मारून तशीच सोडा. आधीच्या सगळ्या सुटतील. ताई परत येईल."

ज्याने बांधल्या त्यालाच त्या सोडवता येतात म्हणे. त्याला काय वाटतंय ते कळलं. अपमान वाटला. पण तिच्यासाठी लगेच हो म्हटलं. अर्धी गाठ सोडणं, त्यात काय एवढं? उद्या सकाळी.

६ फेब्रुवारी

सकाळी दोरा घेतला. ती दाराशी खुर्चीवर होती. पहिला फेरा घातला. इथे थांबायचं, असं मी ठरवलं. मनापासून ठरवलं. हात पुढे चालला. मेव्हण्याने माझं मनगट दोन्ही हातांनी पकडलं, भिंतीला पाय लावून ओढलं. तेवढ्यात तिने मान वर केली.

"अहो, सोडा ना. किती वेळा सांगायचं?"

आवाज तिचा होता. अगदी तिचाच, वैतागलेला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. सोडतो म्हणालो. म्हणेपर्यंत गाठ बसली होती. तिची मान परत खाली गेली.

मेव्हणा पायरीवर बसून रडला. मीही रडलो, झोप नीट होत नाही म्हणून. नंतर शांतपणे विचार केला. काम अर्धवट टाकायचा माझा स्वभावच नाही, तेव्हा गाठ पूर्ण करायचं मीच ठरवलं असणार. माझा हात काही कुणी धरला नव्हता. धरला तो फक्त मेव्हण्याने, थांबवायला.