हिरवं कार्ड

गोटेबर्ग, मेअखेर

रिस्टोदादा,

आईला सांग, मी ठणठणीत आहे, खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

आमच्या ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात एक बाई आली होती, एकमेकांचे स्वभाव ओळखून मिळून काम कसं करावं ते शिकवायला. तिनं सगळ्यांना रंग वाटले. फाडफाड बोलणारी गुनिला लाल. मी हिरवी, म्हणजे शांत, समजूतदार, भांडण नको असलेली. वर त्या रंगाचं कार्ड छातीवर लावून हिंडायचं.

त्याच दुपारी कॉफी पिताना साहेब, स्टाफन, मला म्हणाला, "ऐन उन्हाळ्याच्या सणाला तू कामावर थांबशील ना?" मी गप्प बसले. आपल्या देशात समोरचा असा गप्प बसला की नकार समजून विचारणारा ओशाळतो. हा खूश झाला. "छान. गुनिलाला विचारलं असतं तर डोकं खाल्लं असतं तिनं. तुम्हा हिरव्यांचं बरं, तुम्हाला काही लागत नाही मनाला."

मी कार्ड काढलं आणि त्याच्या कॉफीत बुडवलं. म्हटलं, "लागतं. आणि मी थांबणार नाही."

आता तुझ्याकडे वळते. आपलं दोघांचं तळ्याकाठचं घर विकायचं तू परस्पर ठरवलंस आणि मला लिहिलंस, "तू समजूतदार आहेस, तुझी हरकत नसणारच." तू तर हे कार्ड मला लहानपणीच चिकटवलंस. माझी हरकत आहे. सही मिळणार नाही.

आईचे गुडघे कसे आहेत?

सणाला येतेय आणि तळ्याकाठच्या घरीच उतरणार आहे. तिथली किल्ली मुकाट्यानं नेहमीच्या खिळ्याला परत अडकव.

तुझीच, पण हिरवी नव्हे,
तुलिक्की