फोटोसाठी थांब

दादा,

काल जेवताना तू पुन्हा म्हणालास, "मास्तरकीत कसले आलेत कष्ट? अर्धा दिवस काम आणि वर सुट्ट्या." मी तुझ्या ताटात भाकरी वाढली. तू बस चालवतोस. दर थांब्यावर उतरून बसचा फोटो साहेबांना पाठव म्हटलं, तर तू चावी फेकून घरी येशील. आम्हाला वर्गातल्या प्रत्येक तासाचा फोटो वरच्या साहेबांना पाठवावा लागतो.

आज खिडकीजवळची ती मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, आपणहून उभी राहिली आणि धडा वाचू लागली. वर्ग चिडीचूप. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब गं, फोटो काढू दे."

मी फोन काढेपर्यंत ती खाली बसली होती. मग किती विनवलं, तरी ओठ हलले नाहीत. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "नुसतं पुस्तक धरून उभी करा. फोटोत आवाज कुठे ऐकू येतो?"

केली उभी. फोटो छान आला, वरून शाबासकीही आली.

उद्या राजीनामा देतेय. हे पत्र मात्र तुला देणार नाही. तू म्हणशील, शाबासकी मिळाल्यावर कुणी नोकरी सोडतं का?

तुझी,
धाकटी